देवघरामागचा वाफा

९ फेब्रुवारी

हिशेबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरीच रद्दीत जातात. कागद वाया घालवणं मला पटत नाही, म्हणून यंदा तिथे मनातलं लिहायचं ठरवलं आहे. पुढून दूध, किराणा, विजेचं बिल, मागून मी.

आणि मनात सध्या एकच विषय आहे, भाऊजींचा वाफा.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जायचे. नाक पुसायला मी, पाढे घ्यायला मी, तरी पहिल्या दिवसापासून मी त्यांना ‘अहो भाऊजी’ म्हणते आणि ते मला ‘अगं वहिनी’. इंजिनियर झाले, बरी नोकरी लागली, ती सोडली. आता काय करतात, तर आमच्या वसाहतीतल्या अकरा घरांच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी झाडांना पाजून स्वच्छ करतात. जागा कुठली, तर उताराचं टोक. म्हणजे बरोबर माझ्या देवघराच्या भिंतीमागे.

मी इकडे हात जोडून डोळे मिटते आणि तिकडे अकरा घरांची घाण वाहते. देवा, तूच बघ.

अध्यक्षांनी जूनअखेरपर्यंत मुदत दिली आहे. (अध्यक्ष निवृत्त झालेत, आवाज अजून नोकरीत आहे.) तोवर पाणी धड निघालं नाही तर खडी उपसायची, खड्डा बुजवायचा आणि भाऊजींनी गाशा गुंडाळायचा. शिल्लक होती ती सगळी त्यांनी यात घातली आहे. पलीकडच्या शाळेलाही असाच वाफा हवाय, पण तेही आमचा काय होतो ते बघून ठरवणार.

१४ फेब्रुवारी

काल रात्रीच्या जेवणाला भाऊजींनी ताटातच वाफा करून दाखवला. भाताचा ढीग म्हणजे खडी, कोथिंबिरीच्या काड्या म्हणजे बोरू आणि कर्दळ, आणि आमटी म्हणजे काय ते लिहीत नाही.

“आधी टाकीत गाळ खाली बसतो,” ते म्हणाले. “मग वरचं पाणी खडीच्या पोटातून मुळांपाशी जातं. मुळांवर जिवाणू राहतात. ते घाण खातात. पलीकडून निघतं ते चांगलं पाणी.”

“म्हणजे माझ्या देवाच्या भिंतीमागे तुम्ही किडे पाळणार?”

“किडे नाहीत गं वहिनी. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत.”

“न दिसणारे तर जास्तच वाईट.”

“पथ्य एकच. साबण चालेल, खरकटं चालेल, पण मोरीत जालीम काही टाकायचं नाही. सगळ्यांना सांग.”

हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, “आमच्या घरात जालीम एकच गोष्ट होती, आई. ती गेली.” भाऊजींना हसताना ठसका लागला आणि विषय तिथेच राहिला. पण मी आज घरोघरी जाऊन सांगून आले, उंदराचं औषध नको, ॲसिड नको. काम दिलं की मी चोख करते.

२१ फेब्रुवारी

चार दिवसांपूर्वी अध्यक्ष आणि शेजारी घरी आले तेव्हा भाऊजींनी काचेची बरणी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. आत पाणी, नितळ. आरपार अध्यक्षांचं नाक दिसत होतं, तेही मोठं होऊन.

“हे आपलंच पाणी,” भाऊजी म्हणाले.

“प्यायचं?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही. बागेला घालायचं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी घर चालवते. दुधात पाणी किती आणि पाण्यात दूध किती ते मला रंगावरून कळतं. अकरा घरांची घाण एका टोकाने आत जाते आणि दुसऱ्या टोकाने गंगाजल होऊन बाहेर येते, यावर विश्वास ठेवायला मी काल जन्मले नाही.

म्हणून त्याच दिवशी परीक्षा घेतली. कपड्यांची नीळ घट्ट कालवून मोरीत ओतली. बादलीभर. मग रोज वाफ्याच्या टोकाला जाऊन बसते आहे. निळा थेंब नाही.

याचा अर्थ उघड आहे. आत जातं ते पाणी वेगळं आणि बाहेर येतं ते वेगळं. खडीखालून भाऊजींनी नळाची लाईन घेतली असणार. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “किंवा नीळ गाळली गेली असेल. त्यासाठीच केलंय ना ते?” हे भावाबद्दल आंधळे आहेत.

३ मार्च

आज देवाची कृपा झाली. बाजाराच्या कोपऱ्यावरचं साफसफाईच्या सामानाचं दुकान बंद होतंय, तिथे काळ्या फिनेलचा मोठा डबा जवळपास फुकटात मिळाला. एका बाटलीच्या भावात डबा! घट्ट, डांबरासारखं, अस्सल. पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. सासूबाई म्हणायच्या, फिनेलचा वास आला की समजावं घर जागं आहे. भाऊजी या वासातच लहानाचे मोठे झाले.

खोट एवढीच की झाकण नीट बसत नाही. म्हणजे उडून जाण्याआधी संपवलं पाहिजे. एरवी मी टोपणभर घालते, आता मगाने घालायला हरकत नाही. शनिवारी सगळ्या मोऱ्या, संडास आणि मागची गटार असं ठरवलं आहे. देवघराच्या मागे जे चाललंय त्याला तेवढाच उतारा.

चांगली गोष्ट एकट्याने भोगू नये. घरोघरी बाटली बाटली देऊन आले आणि शनिवारची सवयही लावून आले. बेकरीवाल्याची बायको तर म्हणाली, “ताई, तुम्ही म्हणजे या वसाहतीचं पुण्य आहात.” तेवढं नाही, पण बरं वाटलं.

रंगवालीला दिली नाही. शेवटच्या घरात एकटी राहते, सूत रंगवून विकते. हात कोपरापर्यंत कधी जांभळे, कधी हिरवे. नमस्कार केला तर हसते, पण हसण्यात काहीतरी असतं. शिवाय बाटल्या संपल्या होत्या.

१९ मार्च

वाफा बिघडला.

कर्दळीची पानं कडेने पिवळी पडून गोळा झाली आहेत. बोरू माना टाकून उभा आहे, नापास झालेल्या मुलांच्या रांगेसारखा. बाहेर येणारं पाणी गढूळ, आणि वास असा की प्रार्थनेला नाकाशी रुमाल धरावा लागतो. देवासमोर नाक धरणं बरं दिसतं का?

भाऊजी दिवसभर गुडघ्यावर बसून खडी उकरत होते. हातात खडे घेऊन वास घेतला. मग पुन्हा घेतला. मग बराच वेळ आमच्या घराकडे बघत बसले. मी खिडकीत होते, मला बघून एकदम खाली मान घातली.

त्यांना काहीतरी लपवायचं आहे. नळाची लाईन तुटली असेल.

वास वाढला म्हणून शनिवारच्या जोडीला बुधवार सुरू केला. बाकीच्या बायकांनाही सांगितलं, रोगराई नको. सगळ्यांनी लगेच ऐकलं.

२८ मार्च

मी भाऊजींवर अन्याय केला असं दिसतंय. आज ते अध्यक्षांसमोर म्हणाले, “पाण्यात काहीतरी जालीम येतंय. मुळांवरचे जिवाणू मेले आहेत.”

“कोण टाकतंय?” अध्यक्ष गरजले. दोन घरांच्या खिडक्या उघडल्या.

“ते… बघतो मी,” भाऊजी म्हणाले आणि चपलेने माती उकरत राहिले.

बघतो म्हणजे काय? हा मुलगा लहानपणापासून भिडस्त. शाळेत डबा कुणी पळवला तरी नाव सांगायचा नाही, उपाशी घरी यायचा. तेव्हा शाळेत जाऊन चोर मीच पकडला होता. आताही मलाच पकडावा लागणार. कुणीतरी माझ्या घरातल्या मुलाच्या पोटावर पाय देतंय, आणि तेही देवघराच्या मागे उभं राहून.

वसाहतीत जालीम पदार्थ कोण वापरतं, याला फार डोकं लागत नाही.

४ एप्रिल

रंगवालीकडे जाऊन आले. सूत घ्यायच्या निमित्ताने गेले, घेतलं नाही. अंगणात चार पातेली उकळत होती. त्यातल्या एकातून लाल वाफ निघत होती, खरं सांगते.

“हे उरलेलं पाणी कुठे टाकता हो?” मी सहज विचारलं.

“टाकत नाही. त्याच पाण्यात पुढचं सूत घालते, फिकट रंगाला. अगदी निरुपयोगी झालं की पिंपात भरते. रंगाच्या कारखान्याची गाडी येऊन घेऊन जाते.”

“गाडी? मी कधी पाहिली नाही.”

“तुम्ही दुपारी झोपता तेव्हा येते.”

मी झोपते हे हिला कसं ठाऊक? म्हणजे ही माझ्यावर नजर ठेवते.

निघताना म्हणाली, “ताई, सगळ्यांना काहीतरी वाटलंत म्हणे. मला नाही दिलंत.”

“संपलं होतं,” मी म्हटलं.

“बरंच झालं,” ती म्हणाली आणि पातेलं ढवळायला लागली. बरंच झालं! ज्या बाईला स्वच्छतेचं वावडं आहे तिच्याबद्दल आणखी काय बोलायचं?

११ एप्रिल

फिनेलचा डबा चोरीला गेला!

जिन्याखाली होता. शनिवारच्या कामाला मग घेऊन गेले तर नुसता गोल काळा डाग. बाजूला पितळी बादली होती, तिला हात लावलेला नाही. असला चोर कसा? पितळ सोडून फिनेल नेतो?

भाऊजींना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. “जाऊ दे वहिनी,” म्हणाले, “नवा आणू नकोस. साबणाने धुतलं तरी चालतं.”

“तुम्ही काटकसर मला शिकवू नका,” मी म्हटलं. “मी शिकवली आहे तुम्हाला.”

त्या बाईला तो वास नको आहे. तिनेच नेला असणार.

बायकांच्या बाटल्याही संपत आल्या आहेत. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतात.

२६ एप्रिल

वाफ्याला पालवी! कर्दळीच्या बुंध्याशी हिरवी सुरळी आली आहे. वासही निम्मा झाला. भाऊजी पुन्हा शिट्टी वाजवायला लागले. स्वयंपाकघरात आले, मागून येऊन टोपलीतली काकडी उचलून पळाले, दहा वर्षांचे असल्यासारखे.

आणि आता ऐका. रंगवाली बारा दिवस बहिणीकडे गेली होती. ती गेली आणि वाफा हिरवा झाला! आणखी पुरावा कशाला हवा? ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “या बारा दिवसांत माझी कंबरही दुखली नाही. तीही तीच दुखवते का?” आमच्या ह्यांच्याशी गंभीर बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी चांगली बातमी. त्या बंद दुकानाच्या मालकाच्या घरी दोन डबे पडून होते, मिनतवाऱ्या करून दोन्ही आणले. चोराची भीती नको म्हणून देवघराच्या कपाटात कुलूप लावून ठेवले. देवाच्या पहाऱ्यात. सगळ्यांच्या बाटल्या पुन्हा भरून दिल्या. भाऊजींना बोलले नाही, उगीच खर्चावर प्रवचन देतील.

१२ मे

पालवी जळाली. काळी पडून गळाली. वाफा पहिल्यापेक्षा वाईट आहे. रंगवाली परत आली आहे, हे वेगळं लिहायला नको.

आज वसाहतीची बैठक झाली. मी बायकांच्या बाजूला बसते, बोलत नाही. आज बोलले. उभी राहिले आणि सांगितलं की वाफ्यात विष कोण सोडतं ते मला ठाऊक आहे. ती गेली तेव्हा पालवी आली, ती आली तेव्हा जळाली.

रंगवाली उठली. आज तिचे हात पिवळे होते. “माझी पिंपं बघा. गाडीवाल्याला विचारा.”

“विचारू,” अध्यक्ष म्हणाले. “तोवर तुमची लाईन बंद.”

भाऊजी ताडकन उभे राहिले. “तिचा काही संबंध नाही. मी पाणी तपासून घेतलंय. त्यात रंग नाही.”

“मग काय आहे?”

भाऊजी माझ्याकडे बघत होते. “अजून… पक्कं नाही,” म्हणाले आणि बसले.

तिच्या पाइपात लाकडी बूच ठोकलं. आता बिचारी (बिचारी कसली, पण माणूस आहे म्हणून लिहिते) आंघोळीचं पाणीसुद्धा बादलीने रस्त्यापार नेणार. सूत रंगवणं बंद.

घरी भाऊजी पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलले. “वहिनी, त्या बाईचं नाव परत घेऊ नकोस.” नंतर हळूच विचारलं, “घरात फिनेल आहे का अजून?”

मी नाही म्हटलं. वस्तू सांभाळायची तर कधीकधी खोटं बोलावं लागतं, देव समजून घेईल. पण हे काय? त्या बाईची इतकी बाजू? माझ्या मनात जे आलं ते मी इथेसुद्धा लिहिणार नाही. ती त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी आहे.

२३ मे

अकरा दिवस बूच ठोकलेलं आहे आणि वाफा तरीही मरतोच आहे. म्हणजे ती बूच काढून ओतते आणि परत लावते. पोचलेली आहे.

शनिवारी वास सगळ्यात जास्त असतो, हे मी नीट नाकाने टिपलं आहे. म्हणजे ती नेमकी शनिवारी ओतते. आम्ही सगळ्या बायका घरं धुण्यात गुंतलेल्या असतो ना, तेव्हा साधते.

भाऊजींनी दूरच्या शहरातली नोकरी बघितली आहे. मला नाही सांगितलं, ह्यांना सांगितलं. जुनी सुटकेस माळ्यावरून काढून पुसत होते. मी विचारलं, “कुठे?” तर म्हणाले, “वाफा काही तगत नाही वहिनी. माझंच चुकलं असेल.”

“मग शोधा ना काय चुकलं!”

“काही गोष्टी शोधून फायदा नसतो.”

असं अपराधी माणूस बोलतो. किंवा कुणाला तरी पाठीशी घालणारा. मी त्यांच्या सुटकेसमध्ये स्वच्छ टॉवेल ठेवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदे नसताना डोळे पुसले.

६ जून, शनिवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, आज तिला रंगेहाथ पकडून देते. वाफ्याच्या आधी एक चेंबर आहे, तिथे अकरा घरांचे अकरा पाइप येऊन मिळतात. भाऊजींनी प्रत्येकावर घराचा आकडा रंगवला आहे. झाकण उघडून उभं राहिलं की कोण काय सोडतं ते तोंडावर दिसेल. अध्यक्षांना कल्पना आवडली. बेकरीवाल्याची बायको आली. रंगवालीला मुद्दाम बोलावलं. नाहीतर म्हणेल, माझ्या माघारी केलं.

भाऊजी धावत आले. “वहिनी, आज नको. सोमवारी बघू.”

“आज का नको?”

“आज शनिवार आहे.”

“म्हणूनच आज,” मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरातून निघताना ह्यांना सांगून आले होते, “मी नाहीये, तेवढं मोऱ्यांना फिनेल घाला. कपाटाची किल्ली देवाच्या तबकात आहे.”

झाकण निघालं. आम्ही सगळे वाकून बघत होतो, विहिरीत पडलेली बादली बघावी तसे. रंगवालीचा पाइप कोरडा ठणठणीत, बुचावर कोळ्याचं जाळं. मी म्हटलं, “थांबा. येईल.” साबणाचं पाणी आलं, कुणाचं तरी भांड्यांचं आलं. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले.

मग एका पाइपातून पांढरं आलं. दाट, दुधासारखं. भसाभसा.

“अरे, दूध कुणी ओतलं?” अध्यक्ष म्हणाले. आणि मग वास वर आला. कुणाला सांगायची गरज नव्हती. तो वास मी माझ्या सासूबाईंच्या आवाजासारखा ओळखते.

पाइपावर आमच्या घराचा आकडा होता.

त्याच्या शेजारच्या पाइपातून पांढरं आलं. मग बेकरीवाल्याच्या (तीही माझ्यासारखीच घरी सांगून आली असणार). मग पलीकडच्या. एकामागून एक, मी लावलेल्या सवयीप्रमाणे, शनिवारच्या वेळेला. दहा पाइप पांढरे. एक कोरडा.

बेकरीवाल्याची बायको दोन पावलं मागे सरली. रंगवाली माझ्याकडे बघत होती, आणि हसत नव्हती.

“हे माझं आहे,” भाऊजी एकदम म्हणाले. “मीच घालायला सांगितलं होतं. चाचणी होती.”

अध्यक्ष त्यांच्याकडे वळले. “म्हणजे तीन महिने तुम्ही स्वतःच स्वतःचा वाफा मारत होतात? आणि या बाईंचं पाणी बंद करताना गप्प बसलात?”

भाऊजींचे कान लाल झाले होते. काच फुटली की लहानपणी असेच व्हायचे, आणि काच बहुतेक दुसऱ्याने फोडलेली असायची.

देवा, मी त्या क्षणी गप्प बसायचा विचार केला. केला, हे लिहिते. भाऊजी जाणारच होते. त्यांच्या नावावर गेलं असतं तर माझं पुण्य शाबूत राहिलं असतं.

“भाऊजी, गप्प बसा,” मी म्हटलं. “फिनेल माझं आहे. दहाही घरांतलं माझंच आहे. मी वाटलं, मी ओतायला लावलं. फक्त हिला दिलं नाही.”

तेवढ्यात आमचे हे मागच्या दारातून मग हातात घेऊन बाहेर आले आणि तिथूनच ओरडले, “अगं, थोडं जास्त पडलं! चालेल ना?”

७ जून

प्रार्थनेला बसले, पण कपाटाकडे पाठ करता येत नाही, जागाच तशी आहे.

भाऊजी दाराशी येऊन उभे राहिले. मी विचारलं, “तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

“पहिल्यांदा खडी उकरली तेव्हापासून. घराचा वास होता गं तो. ओळखायला वेळच लागला नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“सगळ्यांना तू वाटलं होतंस. सगळे तुला पुण्य म्हणत होते. मी काय सांगू, वहिनीने मारला म्हणून?” मग म्हणाले, “मला वाटलं, डबा नेला की संपेल.”

डबा!

“तुम्ही चोरला?”

“वाफ्याच्या खोपटात आहे. ताडपत्रीखाली.”

इतके दिवस मी त्या बाईला चोर समजत होते. मला हसू यायला लागलं आणि मग ते हसू राहिलं नाही. भाऊजी उंबऱ्यातच बसले. मी म्हटलं, “पितळी बादली सोडून फिनेल नेणारा चोर आमच्याच घरातला असणार, हे मला कळायला हवं होतं.”

“तुला पोलिसात घेतलं नाही ते बरं झालं,” ते म्हणाले.

“आणि नोकरी?”

“अजून होकार कळवला नाही.”

“कळवू नका. आधी मी बूच काढून येते.”

८ जून

हातोडी घेऊन मी स्वतः चेंबरमध्ये उतरले. ह्यांनी वरून कंदील धरल्यासारखी भर उन्हात बॅटरी धरली. बूच फुगून बसलं होतं, निघता निघेना. शेवटी रंगवालीच पक्कड घेऊन आली आणि मुकाट्याने माझ्या हातात दिली.

बूच निघाल्यावर मी म्हटलं, “माझं चुकलं. तुमचं काम बुडवलं मी.”

“बुडवलंत,” ती म्हणाली. “माझे हात रंगलेले असतात ताई, म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत येतात. तुमचे स्वच्छ.”

तिच्या अंगणात थंड पडलेली पातेली घासायला दोन तास बसले. ती नको म्हणाली नाही. घासून झाल्यावर प्रत्येक पातेल्यात बोट फिरवून बघितलं आणि एक परत दिलं.

१४ जून

घरोघरी जाऊन बाटल्या परत मागितल्या. द्यायला गेले तेव्हा प्रत्येकीने चहा विचारला होता, या वेळी एकीनेच विचारला. बेकरीवाल्याची बायको बाटली देताना म्हणाली, “आम्ही काय, तुम्ही सांगितलं म्हणून केलं.” खरं आहे.

बैठकीत अध्यक्षांनी मुदत ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. अट एक, मोऱ्यांवर देखरेख कुणीतरी करायची. “या कामाला संशयी माणूस हवा,” ते म्हणाले, आणि आख्खी बैठक माझ्याकडे बघून हसली. रंगवालीसुद्धा. मी काम घेतलं.

तीन डबे आणि बाटल्या खोपटात कुलपात आहेत. मला ते बघवत नाही. वस्तू चांगली आहे, भरलेली आहे, वाया घालवायची नाही. पण ओतणार कुठे? जिथे ओतेन तिथे कुणीतरी राहतंच. भाऊजी म्हणतात, रंगाच्या कारखान्याची गाडी असलं सगळं घेऊन जाते. म्हणजे ती गाडी खरंच आहे. मी दुपारी जागी राहून बघितली.

३० ऑगस्ट

आम्ही खडी धुतली, मेलेली झाडं उपटली, रंगवालीच्या अंगणातून कर्दळीचे कंद आणून लावले. जुलैभर काही नाही. मी रोज बघायची, रोज भाऊजींना विचारायची, आणि ते म्हणायचे, “वहिनी, बघून उगवत नाहीत ते.” मग पालवी आली. मी कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून नाही, तर मागच्या वेळी सांगितल्यावर मीच जाळली होती म्हणून. आता कर्दळ माझ्या खांद्याला लागते. देवघरात डोळे मिटून बसलं की भिंतीमागे बेडूक ऐकू येतो. प्रार्थनेत व्यत्यय येतो, पण त्याचीही तीच वेळ असेल.

आज शाळेचे मुख्याध्यापक येणार होते. भाऊजींनी बरणी भरायला मला पाठवलं. म्हणाले, “तू भर. तू भरलीस तर कुणी शंका घेणार नाही.”

टोकाच्या टाकीशी बसले. पाणी नितळ होतं. बरणीतून माझाच अंगठा मोठा होऊन दिसला. सवयीने नाकाशी नेली आणि वास घेतला. मग पुन्हा घेतला. ह्यांना बोलावलं, म्हटलं, तुम्ही घ्या, माझं नाक फिनेलने गेलं असेल.

ह्यांनी बराच वेळ नाक बरणीत घालून ठेवलं. “कसला यायला हवा?” म्हणाले.

“कसलाच नाही.”

“मग बरोबर आहे.”

तरी मी झाकण लावण्याआधी आणखी एकदा घेतला. कसलाच नव्हता.